उजाड नमुन्याचे राखणदार

आमच्या गावात जंगलातली फांदी तोडली की दंड होतो. पैशांचा नाही, फेरीचा. एक फांदी किंवा एक रोप म्हणजे राखणीची एक फेरी, आठवड्याला एक, आणि तीही एकट्याने नाही, घरातलं एक माणूस बरोबर हवं. दंड झालेल्याचं नाव राखण समितीच्या खोलीबाहेर फळ्यावर खडूने लिहितात आणि फेऱ्या संपेपर्यंत पुसत नाहीत. हा नियम माझ्या सासऱ्यांनी केला. याच गावात रोपं उपटायला एक माणूस नेमलेला होता. तेही माझे सासरेच.

मामंजींना गाव पाठीमागे 'काडीसाहेब' म्हणतं. टेकडी पार बोडकी होती तेव्हा चार घरांना हाताशी धरून त्यांनी राखण सुरू केली आणि पहिला दंड केला तो माझ्या सासूबाईंना. चूल पेटवायला त्यांनी एक ओली काडी मोडली होती. घरातलं माणूस म्हणून फेरीला बरोबर गेले तेही मामंजीच. सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, "लग्नानंतर आम्ही दोघंच कुठे फिरायला गेलो असू, तर त्या दंडाच्या फेरीला."

पुढे टेकडी हिरवी झाली. मध, डिंक आणि औषधी बियांवर चाळीस घरं चालायला लागली. आणि एके दिवशी मामंजी ओढ्यात घसरून पडले. दुखरा गुडघा धरून चार तास शिट्टी वाजवत राहिले. आम्हाला वाटलं, नेहमीसारखं कुणाला तरी पकडलंय. सापडले तेव्हा ओठ निळे पडले होते. माझी तर पाचावर धारण बसली. मी समितीची सचिव, पुढच्याच सभेत मी त्यांची फेरी बंद करवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्टी दुसऱ्याच्या हातात दिली. घरी येऊन मामंजींनी फेरीची काठी माळ्यावर टाकली.

त्याच सुमारास शहरातल्या संस्थेचे साहेब पाहुण्यांना घेऊन येऊ लागले. जंगल बघून प्रत्येक पाहुणा विचारायचा, "आधी कसं होतं?" आता बोडक्या टेकडीचा फोटो कोण कशाला काढून ठेवेल? साहेब म्हणाले, "एखादा तुकडा आधीसारखाच ठेवा ना." मला लगेच सुचलं. रस्त्यालगतची सपाट जागा निवडली, 'उजाड नमुना' अशी पाटी ठोकली आणि ती उजाड ठेवायचं काम मामंजींच्या गळ्यात घातलं. एक मोठी छत्री दिली, एक प्लास्टिकची खुर्ची दिली. ना चढ, ना ओढा. शिवाय मामंजी दिवसभर डोळ्यांसमोर. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

पण जंगलाला खेटून असलेली जमीन उजाड ठेवणं सोपं नसतं. पाखरं बिया टाकतात, वारा टाकतो. मामंजी रोज सकाळी वाकून दोन-दोन पानांची रोपं उपटायचे. पाहुणे जंगलात दहा मिनिटं चालायचे आणि नमुन्यापुढे अर्धा तास फोटो काढायचे. एक बाई तर मामंजींचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "रोज हे बघून तुम्हाला किती वाईट वाटत असेल!"

"वाटतं ना," मामंजी म्हणाले. "आज सकाळीच साफ केलंय."

हे सात वर्षं चाललं. तिकडे समिती एका झाडाच्या शोधात होती. त्याच्या सालीचे दोर वळतात म्हणून आम्ही त्याला दोराचं झाड म्हणतो. सासूबाईंचं आयुष्य त्या दोरांवर गेलं. शेवटचं झाड वादळात पडलं आणि सगळं जंगल परत आलं तरी हे काही आलं नाही. मी त्याच्या पानाचं चित्र काढून भिंतीवर लावलं, खाली लिहिलं, 'दिसल्यास कळवा'. फेरीला जाणारे डोळ्यांत तेल घालून शोधायचे.

यंदा मामंजींना कावीळ झाली. तीन महिन्यांनी अंथरुणातून उठून नमुन्यावर गेले, तर तिथे गुडघाभर रोपं माजलेली. आणि पाहुण्यांची मोठी तुकडी चार दिवसांवर. आमच्या मधाच्या केंद्राला मदत द्यायची की नाही, ते तीच ठरवणार होती. मी म्हटलं, "मामंजी, दोन बायका देते मदतीला."

"माझं काम मी करतो."

दुपारी बघायला गेले. नमुन्याच्या मधोमध खुर्ची टाकून मामंजी बसलेले. पायाशी एक रोप उभं, हातात दुसरं उपटलेलं. उपटलेल्याची साल लांबच लांब सोलून निघाली होती आणि ती त्यांनी बोटाला गुंडाळली होती.

"ओढ," ते म्हणाले.

मी ओढली, दोन्ही हातांनी ओढली. तुटेना.

"पण पान वेगळं आहे," मी म्हटलं. "चित्रातलं साधं, याला तर दाते आहेत."

"लहानपणी असे असतील. मी तरी कुठे बघितलंय लहान? मोठीच झाडं बघितली." मग बोटावरच्या सालीकडे बघत म्हणाले, "सावलीत उगवत नाही हे, सूनबाई. आपण सावली केली आणि तिच्यात शोधत बसलो. आणि जिथे उगवत होतं तिथे उपटायला तू मला बसवलंस."

खूप वाईट वाटलं, त्या झाडाचंही आणि त्यांचंही.

संध्याकाळी सभा भरली. आमचे अध्यक्ष शिंपीकाका म्हणाले, "एकच रोप ना? पाहुणे जाईपर्यंत कुंडीत ठेवू."

"मूळ हललं की मरतं ते. हिच्या सासूने मोठ्या झाडाचे फुटवे दोनदा हलवून बघितलेत," मामंजी म्हणाले. "ते हलणार नाही. पाटी हलवा. आणि माझा दंड लिहा."

"कसला दंड?"

"उपटलेल्या रोपांचा. वर्षाला शंभर धरा, कमीच सांगतोय. सात वर्षांच्या सातशे फेऱ्या."

सगळे हसले. मामंजी हसले नाहीत.

शिंपीकाका म्हणाले, "अहो, तुम्हाला आम्हीच नेमलं होतं. आणि तुमचा गुडघा?"

"एका काडीसाठी बायकोला सोडलं नाही मी. नियमात गुडघा कुठे लिहिलाय, दाखवा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नियम मला तोंडपाठ. गुडघा त्यात कुठेच नव्हता. नाही म्हणायला माझी जीभ वळवळत होती, कारण ती चार तासांची शिट्टी मला अजून ऐकू येते. पण माणूस सात वर्षं खुर्चीत बसून टेकडीकडे बघत होता, तेही मला रोज दिसत होतं. मी न बघितल्यासारखं करत होते, एवढंच. नियमात घरातलं एक माणूस मात्र लिहिलेलं होतं. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. मी खडू उचलून बाहेर गेले. फळ्यावर मामंजींचं नाव लिहिलं, पुढे सातशे, आणि त्याखाली 'सोबत : सून'.

रोपाला आम्ही दगडांचं कुंपण केलं, पाटी काढली. पाहुणे येऊन गेले, मदतीचं अजून काही कळवलेलं नाही.

काल पहिली फेरी झाली. मामंजी काठी टेकत पुढे, मी मागे. अर्ध्या चढावर मला धाप लागली आणि मी दगडावर बसले. ते वळून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना इतकं खूश मी बघितलं नव्हतं.

"ऊठ, सूनबाई," ते म्हणाले. "अजून सहाशे नव्व्याण्णव आहेत."