मामाचं नाव

पोरांना जंगल दाखवायलाही सर्टिफिकेट लागतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी सिंदेवाहीच्या पुढच्या, जंगलाला लागून असलेल्या गावांतली शाळकरी पोरं घेऊन खुशाल हिंडत होते. मग फर्मान आलं: पर्यावरण शिकवणाऱ्यांनी प्रमाणपत्र घ्यायचं, नसेल त्यांचे वर्ग दुसऱ्याला. माझे वर्ग दुसऱ्याला! नुसत्या कल्पनेनं डोकं फिरलं. मुकाट्यानं मूल या गावी जाऊन प्रशिक्षण घेतलं, लेखी परीक्षा दिली. उरला प्रात्यक्षिक पाठ. तो जंगलाच्या कडेला, पोरांसमोर घ्यायचा होता आणि परीक्षक मॅडम पुण्याहून येणार होत्या.

विषय मिळाला, 'वाघ आणि त्याचा अधिवास'. इथंच माशी शिंकली. आमच्याकडं घरी ओट्यावर बसून वाघाला वाघ म्हणा, कुणी अडवत नाही. पण जंगलात पाऊल टाकलं की तो मामा. तिथं नाव घेणं म्हणजे त्याला हाक मारणं, आणि मामा हाकेला ओ देणारा आहे. मी बीएस्सी झालेली बाई. पण झाडं सुरू झाली की तो शब्द माझ्याही तोंडून निघत नाही.

पाठ मोहाच्या झाडाखाली झाला. मी पंजाचे ठसे दाखवले. धोका दिसला की वानर झाडावरून 'खक्' करून कसं सावध करतं, ते पोरांकडून करून घेतलं. मॅडम हातातल्या कागदावर खुणा करत होत्या. शेवटी त्यांनी स्वतःच विचारलं, "सांगा बरं, या जंगलात सगळ्यात मोठं कोण राहतं?"

"मामा!" पोरं एका सुरात ओरडली.

"कुणाचे मामा?"

"सगळ्याईचे."

मॅडम कौतुकानं हसल्या. "काय करतात मामा?"

"काई नाई. दिवसभर नाल्यात पडून राह्यते."

"परवा आमची गाय नेली त्यानं," एक पोरगा म्हणाला.

मॅडमचं हसू मावळलं. "मग तक्रार केली का?"

"केली न. साहेब आले, फोटो काढून गेले."

"आणि मामांना पकडलं नाही?"

"मामाले कोन पकडन, मॅडम? सरकारचा हाय न थो!"

मी मध्ये पडायला हवं होतं, पण मी पदर तोंडात कोंबून उभी होते. मॅडमनी हातातल्या कागदावरचा विषय पाहिला, पोरांकडं पाहिलं, आणि त्यांची ट्यूब पेटली. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"पूर्ण पाठात तुम्ही प्राण्याचं नाव एकदाही घेतलं नाही. प्रमाण नाव यायलाच हवं, असा नियम आहे. आत्ता एकदा म्हणा, मी पास करते. नाहीतर माझा नाइलाज आहे."

माझं हसू पळालं. पोरं श्वास रोखून माझ्या तोंडाकडं बघत होती. नाव घेतलं तर उद्यापासून एकही पोर माझ्यामागं जंगलात येणार नाही, आणि न घेतलं तर उद्यापासून मला वर्गच नाही. मला खरंच रडू यायला लागलं.

"मॅडम, तुम्हीच घ्या ना," मी म्हणाले. "तुम्ही पाहुण्या. तुम्हाला चालतं."

त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आवाज आला.

"खक्!"

मॅडमचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी वर मोहाकडं पाहिलं, मग नाल्याकडं. मग माझ्या अगदी जवळ सरकून हळूच विचारलं, "मामा?"

"असतीलही," मी म्हणाले. ते वानर शेवटच्या रांगेत बसलं होतं, दोन वेण्या घालून, साळसूद चेहऱ्यानं.

"राहू दे नाव," मॅडम पुटपुटल्या. उभ्याउभ्याच त्यांनी मला पास केलं आणि गाडी गाठली.

धूळ खाली बसल्यावर वेण्यावाली माझ्याजवळ आली. तिला रागवायचं मी ठरवलं होतं, पण जमेना.

"बाई, तुमी पास?"

"पास."

तिनं थोडा विचार केला. "मंग मॅडमले बी पास करा. त्याईनं बी नाव नाई घेतलं."