मशीन घरातच आहे

दवाखान्याचे केसपेपर कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरले, तेव्हा ते साठवायचे कुठे यावर मी नको तितकं डोकं चालवलं. कॉम्प्युटरवाला म्हणत होता, एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जागा भाड्याने घ्या आणि निवांत राहा. पण मी बायकांची डॉक्टर. नवऱ्यालाही न सांगितलेलं बाया माझ्यासमोर बोलतात. पांढरकवड्यातल्या बायांची दुखणी कुठल्या परक्या शहरात ठेवायची, हे मला पटेना. शेवटी छोटा सर्व्हर घेतला आणि दवाखान्याच्या वर, आमच्या घरात, गव्हाच्या कोठीशेजारी बसवला. इन्व्हर्टर, पासवर्ड, खोलीला कुलूप, सगळं केलं. शिवाय येईल त्या पेशंटला कौतुकाने सांगायचे, "तुमचं काही बाहेर जात नाही, मशीन माझ्या घरातच आहे."

गावाने ते नीट ऐकून ठेवलं.

मग एक दिवस नणंदबाई आल्या. मुलासाठी त्यांनी जवळच्या खेड्यातली मुलगी पाहिली होती, बोलणी जमत आली होती. चहा घेता घेता म्हणाल्या, "वहिनी, थे पोरगी तुमच्याकडे आलती म्हणते. मशीन तं घरातच हाय. जराशी पाहून सांगा ना, कायले आलती."

मुलगी आली होती. कशासाठी, ते मी इथेही लिहिणार नाही. 'काही विशेष नाही' म्हणून विषय मिटवता आला असता. पण एकीबद्दल तसं म्हटलं, की दुसरीबद्दल गप्प बसण्याचाही अर्थ निघतो. कंपनीकडे ठेवलं असतं तर 'माझ्या हातात नाही हो' अशी थाप तरी मारली असती. घरात ठेवून मी तीही सोय घालवली होती.

"ताई, मी कोणाचंच सांगत नसते," मी म्हटलं.

"समजलं," म्हणाल्या आणि कप ठेवून निघाल्या. मलाही वाटलं, समजलं.

चोरांची, हॅकरांची भीती धरून मी सगळा बंदोबस्त केला होता. चहाला येणाऱ्या माणसांचा विचारच केला नव्हता. आता त्या खोलीवरून जायचाही कंटाळा येतो.

सोयरीक मोडली. मुलीची आई दवाखान्यात आली, बसली नाही. "म्याडम, तुमच्याकडूनच गेलं का बाहेर?"

"नाही. मशीन कोणी उघडलंच नाही. मी एक शब्द बोलले नाही."

"पोराकडचे लोकं बी तेच म्हणतात," ती म्हणाली. "म्याडम काहीच बोलल्या नाही."