कस्तुराबाईचा पिवळा दिवा

कस्तुराबाईबद्दल वाडीत अजून काहीबाही बोलतात. मेलेल्या नवऱ्याकडून तिनं काम करवून घेतलं म्हणे. डोंबल! खरं काय ते मला ठाऊक आहे, कारण ते यंत्र मी बसवलं होतं.

साल सदुसष्ट. खंडाळ्याच्या वरच्या अंगाला, तलावाचं पाणी पाइपात शिरतं तिथं, एक व्हॉल्व्हघर होतं. खाली पायथ्याशी पॉवरहाऊस, आणि मी तिथला फोरमन. वर दिवसपाळीला पहाऱ्यावर एकटा भिमाजी, कस्तुराबाईचा नवरा. पहारेकरी झोपतात म्हणून मी युक्ती केली. दर वीस मिनिटांनी पिवळा दिवा लागायचा आणि दोन मिनिटांच्या आत बटण दाबावं लागायचं. आधीच दाबून ठेवलेलं धरलं जायचं नाही. उशीर झाला की व्हॉल्व्ह आपोआप बंद, खाली भोंगा, आणि आम्ही ट्रॉलीनं पंधरा मिनिटांत वर. दर वेळची खूण माझ्याकडे कागदावर उमटायची. काय तोरा होता मला त्याचा!

भिमाजीचा दिवा दोनदा चुकला. दुसऱ्या खेपेला मी वर जाऊन त्याला बायकोदेखत झाप झाप झापलं. आणखी एकदा चुकला तर घरी बसवीन म्हटलं, आणि बाईमाणूस इथं परत दिसलं तरीही. कस्तुराबाई दाराशी भाकरीचं फडकं धरून उभी होती. घरची चूल त्या एका नोकरीवर पेटत होती. पुढं ती चोरून भाकरी आणत राहिली आणि बटण कधी, कसं दाबायचं ते नवऱ्याकडून शिकून घेतलं. हे मला फार उशिरा कळलं.

श्रावणातला दिवस होता, दाट धुकं. दुपारी कागद बघताना मी चपापलो. भिमाजीची खूण कधी लगेच, कधी पार शेवटच्या क्षणाला उमटायची. त्या दिवशी बारानंतरची प्रत्येक खूण दिवा लागताक्षणी उमटलेली, तसूभर फरक नाही. माणसाचा हात असा चालत नाही. फोन लावला, तर कुणीतरी उचलला आणि नुसता श्वास ऐकू येत राहिला. दोनदा हाक मारली, मग सवयीनं शिवी हासडली. तिकडून फोन ठेवला गेला. पाठोपाठ पुढची खूण आली, अगदी वेळेवर. काम तर चाललंय, म्हणून मी गप्प बसलो. तिथंच माती खाल्ली.

चारला पाळी बदलणाऱ्या गड्याबरोबर मीही वर गेलो. दार लोटलं. कस्तुराबाई पाठमोरी बसली होती, बोट बटणापाशी. तिनं मान वळवली नाही. शेजारी भिमाजी आडवा, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. मी हात लावला. गार पडला होता. तेवढ्यात दिवा लागला, तिनं बटण दाबलं आणि मगच आमच्याकडे बघितलं.

ती बाराला आली तेव्हा तो पडलेला होता. बोलता येत नव्हतं, पण तिचा हात घट्ट धरत होता. वाडीतून माणसं आणायची तर जाऊन येऊन तास, म्हणजे तीन दिवे चुकणार. फोन उचलला तर माझा आवाज. म्हणून ती चारच्या पाळीची वाट बघत बसली. तीनच्या सुमारास त्याची पकड सुटली, तिला वाटलं डोळा लागला.

"सायेब, येक बी चुकला न्हाई," ती म्हणाली. "त्येन्ला दवाखान्यात न्या. बरं वाटलं की येतील कामावर."

तेरावं झाल्यावर ती पॉवरहाऊसला आली. दाराबाहेर उभी राहून तिनं एवढंच विचारलं, "सायेब, म्या दाबलं नसतं तर काय झालं असतं?"

"पाणी बंद झालं असतं," मी म्हणालो.

"मंग दाबलं ते बरंच झालं."

भोंगा वाजला असता. एक वाजायच्या आत आम्ही वर पोचलो असतो, आणि तेव्हा तो जिवंत होता. हे माझ्या तोंडून निघालं नाही. मी मान हलवली, आणि ती समाधानानं वाडीच्या वाटेला लागली.