पद्मिनी चालू होत नव्हती ते दिवस

मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि रोज संध्याकाळी रोझरीची जपमाळ म्हणणाऱ्या ख्रिस्ती घरात वाढले आहे. या दोन गोष्टींचे माझ्यात कधी भांडण झाले नव्हते. पण पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला, डॉक्टरांनी "आता घरी न्या, जवळ बसा" असे सांगितले, आणि तेव्हापासून मला प्रार्थना जमेनाशी झाली. ओठ हलत, पण पलीकडे कोणी ऐकत आहे असे वाटत नसे. रजा टाकून मी नायगावच्या फ्लॅटमधून गिरीजला माहेरी आई-पप्पांकडे येऊन राहिले.

पप्पांची वाचा गेली होती. उजवी बाजू गेली होती. डावा हात तेवढा चालत होता. तो उचलून ते खिडकीबाहेर दाखवत आणि किल्ली फिरवल्यासारखे मनगट फिरवत. खिडकीसमोर, केळींच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये, त्यांची जुनी पद्मिनी गाडी उभी होती. ती भाड्याने चालवूनच त्यांनी घर चालवले आणि मला पदवीपर्यंत शिकवले. माझ्याआधी आमच्या घरात कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. गावातल्या कितीतरी नवऱ्या त्याच गाडीतून चर्चला गेल्या. अशा दिवशी पप्पा पांढरा शर्ट घालत आणि गाडी इतकी हळू चालवत की कोणा नवरीच्या डोक्यावरचा जाळीचा वेल जागचा हलत नसे.

माझ्या लग्नात मात्र मी लांबलचक, एसीची, भाड्याची गाडी मागवली होती. कॉलेजच्या मैत्रिणी येणार होत्या ना. आत्यांना बसवून पप्पा पद्मिनी घेऊन मागून आले. त्याबद्दल मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते, आणि आता बोलले तरी उत्तर येणार नव्हते. मी मनाशी ठरवले, जाण्याआधी त्यांच्या कानावर त्या इंजिनचा आवाज पडला पाहिजे. दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने माफी मागणे मला जमण्यासारखे नव्हते.

नवी बॅटरी बसवून देणाऱ्या मेकॅनिकने कार्बोरेटर पाहूनच हात झटकले. "हे काम करणारे आता राहिले नाहीत, मॅडम." मग मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी स्वतःच तो खोलला. पेट्रोल साठते तो लहानसा बाऊल पुसला, पितळेच्या जेटची, म्हणजे पेट्रोलच्या बारीक तोट्यांची, सुईएवढी भोके फुंकून साफ केली. गाडी चालू झाली, पाच मिनिटे चालली, खोकली आणि बंद पडली. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तेच. दर वेळी आत पप्पा डोळे मिटून घेत.

संध्याकाळी मी सगळे सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडून त्यांच्या पलंगावर ठेवत असे. ते एकेक भाग बोटाने दाखवत आणि मला खुणेवरून कळे. हा उलटा लावलास, हा वायसर झिजला. माझ्या मनगटावरचा काळा डाग ते चादरीच्या टोकाने पुसत बसत. लहानपणानंतर आम्ही दोघे इतका वेळ एकत्र कधी बसलो नव्हतो. पण तेव्हा मला ते दिसत नव्हते. 'देवा, एवढे एक इंजिन चालू कर,' असे मी रागाने म्हणत होते.

या खटपटीच्या अकराव्या दिवशी, पप्पांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मागवलेली हवेची गादी कामणच्या गोदामातून आली. टेम्पोवाले चाचा पांढऱ्या दाढीचे होते. खोके आत ठेवून ते निघाले आणि माझी खटपट पाहून थांबले.

"ताई, कार्बोरेटर किती वेळा खोलला?"

"सात-आठ वेळा."

"मग सोडा आता त्या बिचाऱ्याला. गुन्हा दुसऱ्याचा आहे."

त्यांनी पूर्वी बरीच वर्षे टॅक्सी चालवली होती. बाऊलमधले पेट्रोल त्यांनी काचेच्या बाटलीत ओतायला लावले आणि बाटली उन्हात धरली. वर पेट्रोल, खाली वेगळा थर. "पाणी आहे. टाकीतून येतंय. गाडी पावसात राहिली होती काय?"

"पावसाचं नाही," मागून आई म्हणाली. "माझं आहे."

ईस्टरच्या रात्री चर्चमधून आणलेले पवित्र पाणी आई रोज पहाटे एक-एक झाकण टाकीत घालत होती. "तू एवढी मरमर करत होतीस," ती म्हणाली. "मला दुसरं काय येतं?"

मला ओरडायचे होते. चाचा हसले. "आई, गाडीवर वरून शिंपडायचं असतं. पाजायचं नसतं." मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, "रागवू नका त्यांना. दुआच केली ना."

त्यांनी स्वतः गाडीखाली शिरून टाकी रिकामी केली. माझ्या स्कूटरमधले पेट्रोल काढून तिच्यात ओतले. मग पाणी पिऊन ते पुढच्या घरी खोके द्यायला निघून गेले.

मी किल्ली फिरवली. या वेळी गाडी बंद पडली नाही. बॉनेट उघडे ठेवून मी कार्बोरेटरवरचा, इंजिनची चाल ठरवणारा स्क्रू धरला आणि खिडकीकडे पाहिले. पप्पांचे बोट वर झाले, मी स्क्रू सैल केला. बोट खाली आले, मी तो घट्ट केला. इंजिनचा आवाज मऊ होत गेला. शेवटी त्यांनी तळवा चादरीवर सपाट ठेवला. मला अजून किंचित फिरवावेसे वाटत होते. त्यांनी तळवा पुन्हा आपटला. पुरे. आता हात लावू नकोस.

मी हात काढला. गाडी तशीच चालू ठेवून काळ्या हातांनी आत गेले आणि म्हटले, "पप्पा, माझ्या लग्नात मी तुमच्याच गाडीत बसायला हवं होतं." त्यांनी तोच तळवा माझ्या डोक्यावर ठेवला. बाहेर इंजिन चालू होते. कितीतरी वेळ आम्ही ते ऐकत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पप्पा गेले.

पाण्याने जेट कसा अडतो, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावू शकते. पण पहिल्याच दिवशी गाडी चालू राहिली असती, तर त्या सगळ्या संध्याकाळी मी त्यांच्या पलंगावर बसले नसते, हेही मला कळते. मी जे मागत होते ते मला दहा दिवस नाकारले गेले, आणि त्या नकारातच मला माझे पप्पा मिळाले. आईच्या झाकणभर पाण्याचे आणि त्या चाचांचे उपकार कोणत्या शब्दांत मानू, मला कळत नाही.

घर आता फार शांत असते. रोझरी संपली की मी जोडलेले हात सोडते आणि पप्पांसारखा तळवा चटईवर सपाट ठेवते. पुढचे देवाकडे.