कोगनोळीला भेटलेली टीम

माझी बायको मोबाईलवर गेम खेळते, ही गोष्ट मी कारखान्यात बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती बेळगावातल्या एका हायस्कुलात गणित शिकवते. पंचेचाळिशी ओलांडलेली, वर्गात आवाज न चढवता पोरांना गप्प करणारी बाई. मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर. आमचं घर उचगावच्या अलीकडच्या एका गावात आहे.

मुलगी इंजिनिअरिंगला हुबळीला गेली, तेव्हा जाताजाता आईच्या फोनवर एक गेम टाकून गेली. "माझ्यासंगं खेळ, म्हंजे रोज बोलणं तरी हुईल," असं तिचं म्हणणं. पुढं लेकीचं खेळणं अभ्यासापायी सुटलं आणि आईचं चालू राहिलं. विमानातून एका बेटावर उतरायचं, हत्यारं शोधायची आणि आपल्या टीमला शेवटपर्यंत जिवंत ठेवायचं, असा तो गेम. खेळताखेळता तिला दोन मैत्रिणी मिळाल्या. एक गोकाककडची नर्स, घरी कन्नड बोलणारी. दुसरी कागलची, तिचं ब्युटी पार्लर. तिघींनी एकमेकींना कधी बघितलं नव्हतं, फक्त आवाज माहीत. अनोळखी माणसाला फोन नंबर द्यायचा नाही, हा लेकीनं घालून दिलेला नियम. बाकी दोघींच्या घरीही तसलाच काहीतरी नियम असावा.

शाळेतून आली की चहा घेऊन ती दाराजवळच्या खुर्चीत बसायची, कानाला हेडफोन. मग कन्नड, मराठी आणि हिंदीची मिसळ सुरू. 'हिंदे नोडु' म्हणजे 'मागं बघ', हे मला बेळगावात जन्म काढून आधीच येत होतं; पण ते इतक्या कळकळीनं कुणी कुणाला सांगताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तरी मला ते सगळं वेळेची नासाडीच वाटायचं. तसं मी बोलूनही दाखवायचो.

एका संध्याकाळी गेम उघडेना. बातम्यांत सांगत होते, देशाच्या सुरक्षेसाठी सरकारनं बरीच परदेशी अॅप बंद केली, त्यात हाही.

"बरं झालं," मी म्हणालो. "पोरं वाया चालली हुती."

"पोरं वाया चालली म्हणून बंद केलंय का?" तिनं विचारलं.

"न्हाय. सुरक्षेसाठी."

"मग पोरांचं कशाला काढताय? सुरक्षेचं कारण असंल तर असू दे, त्यातलं मला कळत न्हाय. पण आपल्याला आवडत न्हाय ते बंद झालं की आपण खूश, कारण कायबी असू दे. उद्या तुमचं आवडतं बंद झालं की मग?"

माझं आवडतं म्हणजे सकाळी मोबाईलवर कुस्तीचे व्हिडिओ बघणं. ते कोण कशाला बंद करेल, असं म्हणून मी विषय टाळला.

काही महिन्यांनी तोच गेम नवं नाव घेऊन परत आला. जुनी टोपणनावं शोधत तिघी पुन्हा एकत्र जमल्या. त्या दिवशी घरात शिरा झाला होता; कशाचा, ते मला कुणी सांगितलं नाही.

मग महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर तणाव झाला. आमच्या भागात हे नवं नाही. कुठंतरी पाटीवरून वाजतं, कुणीतरी बसला काळं फासतं, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीवर थांबतात आणि चार दिवसांनी सगळं निवतं. या खेपेला कुणाच्या तरी मोबाईलवरच्या मजकुरानं भडका उडाला, आणि आमच्या भागातलं इंटरनेटच बंद झालं. का, ते साधारण कळत होतं. कधीपर्यंत, ते कुणालाच माहीत नव्हतं.

फौंड्रीत गिऱ्हाइकाची ड्रॉइंग मेलवर येतात. ती येईनात. मोल्डिंगची माणसं हात बांधून बसून राहिली. चहाच्या टपरीवर कुणाच्या खिशात नोटा नाहीत, सगळे मोबाईल काढून नुसते बघतायत. सकाळी कुस्ती दिसेना, ते वेगळंच. बायको दुसऱ्याच काळजीत होती. कागलच्या मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं. फोन चालू होते, पण नंबर कुठं होता?

"आई मधुमेहाची हाय तिची," ती मला म्हणाली. "झालं का, कसं झालं, कुणाला इचारू?"

तिसऱ्या दिवशी तिनं शाळेतून रजा घेतली आणि मला म्हणाली, "जिल्हा कचेरीत जाऊन इचारू या."

"कुणाला इचारणार? वरचा आदेश असतोय त्यो."

तिचे वडील निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पुढं ते वस्तीतल्या विहारात पोरांना राज्यघटनेची प्रस्तावना पाठ करायला लावायचे. बायको म्हणाली, "वखारीचं गेट बंद दिसलं की आप्पा भांडत न्हवते. का आणि कधीपर्यंत, एवढंच इचारायचे. त्याला काय परवानगी लागत न्हाय."

मीही गेलो. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. सीमाभागात मराठी माणूस कचेरीत जाऊन काही विचारू लागला की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते, असा माझा अनुभव. पण ती खिडकीवर सरळ कन्नडमध्ये बोलली. इंटरनेट बंद केल्याचा आदेश कुठं लावलाय, वाचायचा आहे, एवढंच.

"मेलिंद आदेश बंदिदे," कारकून म्हणाला. वरून आदेश आलाय.

तो वाचायला मिळेल का, असं तिनं पुन्हा विचारलं. त्यानं आत जाऊन साहेबांना सांगितलं आणि आम्हाला आत बोलावलं. साहेब तिशीतले असतील. त्यांनी बसायला सांगितलं आणि कन्नडमध्येच विचारलं, "तुम्ही पत्रकार आहात का?"

"नाही सर, गणित शिकवते. नुसतं उत्तर लिहिलं तर मी मार्क देत नाही. रीत पण दाखवावी लागते."

साहेब हसले. मग म्हणाले, की अफवांनी माणसं मेली तर पहिला जाब आम्हालाच विचारतात. ती म्हणाली, "ते मला पटतं. पण अफवा खोडायलाही नेटच लागतं ना? आणि मुदत माहीत असली तर माणूस कळ काढतो. माहीत नसली की त्याचीच अफवा होते."

त्यावर फायलीतून आदेशाचा कागद काढून त्यांनी आमच्यासमोर ठेवला. कारण होतं, मुदतही होती. लपवायचं त्यात काहीच नव्हतं, फक्त बाहेर लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. "इथं येऊन लोक ओरडतात किंवा परत जातात," ते म्हणाले. "वाचायला कुणी मागितला नाही."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी मुद्दाम वाट वाकडी करून बघितलं. कागद फलकावर लावलेला होता आणि खाली मराठीत चार ओळी कुणीतरी हातानं लिहिल्या होत्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. मी त्या दोनदा वाचल्या. मुदत संपायच्या आदल्या दिवशीच नेट आलं.

तिघींनी पहिलं काम केलं ते नंबर घेण्याचं. कागलच्या मैत्रिणीच्या आईचं ऑपरेशन नीट झालं होतं. आणि मग भेटायचंच ठरलं. मधलं ठिकाण म्हणून कोगनोळी, हद्दीवरच्या नाक्याचं गाव.

रविवारी आम्ही मोटारसायकलवरून निघालो. तवंदी घाटात बायको म्हणाली, "भेटल्यावर बोलायला काय सुचंल का न्हाय?" वर्गात कधी न घाबरणारी बाई साडीचा पदर चार वेळा सारखा करत होती.

गाड्या अजून हद्दीवरच थांबत होत्या. माणसं उतरून, सामान घेऊन, नाका चालत ओलांडत होती. आम्ही नाक्याजवळच्या एका हॉटेलात बसलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं बिनसाखरेचा चहा मागितला आणि बायको ताडकन उठली. आवाज ओळखला तिनं. निपाणीपर्यंत बसनं आणि तिथून वडाप जीपनं आलेली ती नर्स होती, आमच्या आधीपासून तिथंच बसलेली. कागलची शेवटी आली, चालत, हातात आईनं दिलेला लाडवांचा डबा. तिघी एकमेकींकडं बघत नुसत्या हसत राहिल्या. नर्स बाईचं वय माझ्या बायकोहून बरंच जास्त निघालं, त्यावरून थोडी चेष्टा झाली. बेटावर सगळ्यात आधी उडी मारणारी तीच म्हणे.

पुढं वादही झाला. नर्स म्हणाली, "पैसे लावायचे गेम बंदच पाहिजेत. माझ्या भावाचं घर बसलंय त्यात."

"ते जुगार हायत, अक्का," कागलची म्हणाली. "त्याला गेम म्हणू नका."

"कुठला जुगार आणि कुठला खेळ, हे नीट लिहून, आपल्याला इचारून ठरवू दे," बायको म्हणाली. "सरकार नको असं मी म्हणत न्हाय. दार वाजवून येऊ दे, एवढंच."

नर्सला ते पुरतं पटलं नाही. दार वाजवेपर्यंत घर जळालं तर, असं तिनं विचारलं. मग लाडू निघाले. मीही मधे तोंड घालून विचारलं, की मला शिकता येईल का. तिघींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा चहाकडं वळलो.

दुपारी रस्त्यावर एकदम गलबला झाला. बघतो तर कोल्हापूरकडची बस न थांबता नाका ओलांडून निपाणीच्या दिशेनं चालली होती, आणि तिच्या पाठोपाठ आणखी एक. पोलिसानं हातानंच पुढं जायची खूण केली. "सुटल्या गाड्या," म्हणत हॉटेलवाला बाहेर येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं उलट दिशेनं, बेळगावहून कोल्हापूरला जाणारी गाडी आली. चालतच नाका ओलांडणार होती ती कागलची मैत्रीण त्या गाडीत चढली आणि खिडकीतून रिकामा डबा हलवून म्हणाली, "पुढच्या येळी आमच्यात यायचं. आई वाट बघतीया."

गाडी हद्दीपलीकडं गेली. आम्ही तिघांनी जेवण मागवलं.