मावशीचा दम

मावशीनं आम्हा पोरांची एकही ओळ कधी खोडली नाही. आमच्या ग्रुपचं नाटक एकाच ऑनलाइन फाइलमध्ये लिहिलं जायचं. कोणी कामठीहून टाइप करतोय, मी रामटेकहून, आणि मावशी धरमपेठेतल्या घरी लॅपटॉप मांडीवर घेऊन सगळ्यांवर नजर ठेवून. ओळ पटली नाही की ती पिवळी करायची आणि बाजूला लिहायची, "हा माणूस बोलून राहिला का दुकानाची पाटी?" माझी तर पानंच्या पानं हळद लागल्यासारखी दिसायची.

मी नकलाकार. मावशीची नक्कल तिच्यासमोरच करायचो. ती हसायची नाही, दुरुस्त करायची. "नाक कमी कर गा पोपटा, गळा वाढव."

मग तिच्याच गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. नव्या नाटकात मुख्य भूमिका तिची होती, बसस्टँडवर घोषणा करणाऱ्या बाईची. त्या बाईचा नोकरीतला शेवटचा दिवस. मावशीनं फाइलमध्ये लिहिलं, "भूमिका दुसरीले द्या." आम्ही सगळे ऑनलाइन होतो. मी ती ओळ पिवळी केली.

मी तिच्या जुन्या तालमींची रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरला ऐकवली, त्याच्याकडून सगळे संवाद तिच्या आवाजात वदवून घेतले आणि छाती फुगवून धरमपेठेत गेलो. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग टाइप करून स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"आवाज माझाच आहे. पण ही बाई थकतच नाही गा. दिवसभर ओरडलेली बाई अशी बोलते का?"

कॉम्प्युटरला तेही शिकवता येईल, असं मी सांगायला लागलो. तिनं हात वर केला आणि पुन्हा लिहिलं.

"मी तोंड हालवते, तू बोल. माझ्याकडे पाहत राहाजो."

प्रयोगाला मी विंगेत माईक धरून उभा. ती दम घेई तिथं मीही घेई. शेवटच्या घोषणेत ती वाक्याच्या मधेच थांबली, टेबलावर हात टेकून. आम्ही लिहिलं तेव्हा तिथं थांबायचं नव्हतं. पुढचे शब्द माझ्या जिभेवर आले होते, पण तिचे ओठ मिटलेले. मी गप्प राहिलो. मग तिचे ओठ हलले आणि मी बोललो.

पडदा पडल्यावर तिनं माझ्या गळ्यावर तळहात ठेवला.

दुसऱ्या प्रयोगाआधीच मावशी गेली.

आता ती भूमिका कामठीची एक पोरगी करते. तिला मी कॉम्प्युटरवालं रेकॉर्डिंग पाठवलं. ते ऐकून तिनं व्हिडिओ कॉल केला. म्हणाली, "दादा, हे बरोबर आहे, पण तुम्ही एकदा बोलून दाखवा न."

मी बोललो. शेवटच्या घोषणेत आपोआप अडलो.

"इथं काहून थांबले?"

"मावशी थांबली होती."

कॉल संपल्यावर मी फाइल उघडली, तर ती पोरगी आधीच तिथं होती. मी पाहत असतानाच त्या वाक्याच्या मधोमध, कंसात, एकेक अक्षर उमटलं: थांबते.