मास्तरांचा आवाज

असल्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर दोनच प्रश्न विचारले — तू स्वतः ऐकलंस का, आणि दुसऱ्या कुणी ऐकलं का? बहुतेक लोक दुसऱ्या प्रश्नाला अडकतात. माझी पंचाईत अशी आहे की माझ्या बाबतीत दोन्हींचं उत्तर 'हो' आहे... आज ऐंशी ओलांडल्यावर लिहिते आहे. पटलं तर घ्या.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटला राहायचो. हे तिथल्या शाळेत मास्तर. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि मला दिवस गेले होते. त्याच सुमारास यांचा आवाज बसला. आधी वाटलं, वर्गात ओरडून बसला असेल. काढे झाले, गुळण्या झाल्या. चार महिन्यांनी सोलापूरच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि मुंबईची चिठ्ठी दिली. कॅन्सर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. यांचं वय अठ्ठावीस.

मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं — स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल कदाचित, पण बोलणं कायमचं जाईल.

हे घरी आले. तिसऱ्या दिवशी त्या घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "बाळंतपण होईपर्यंत थांबू. एकदा तरी लेकराला हाक मारीन. मग घेऊ दे काय घ्यायचं ते."

मला सातवा सरत आला होता. मी म्हणाले, "हाक नको मला. माणूस पाहिजे."

आठवड्याने हे थोरल्या भावजींबरोबर एसटीने सोलापूरला आणि तिथून रेल्वेने मुंबईला गेले. माझ्या त्या वाक्याचं ओझं अजून माझ्यावर आहे... बरोबर होतं तरी.

मुंबईचं पत्र यायला चार-पाच दिवस लागायचे. शेवटच्या पत्रात भावजींनी लिहिलं होतं, ऑपरेशनची तारीख अजून ठरत नाही. त्यानंतर आठवडाभर काहीच नाही.

आणि दिवस भरायच्या आधीच, एका गुरुवारी सकाळी मला कळा सुरू झाल्या. गावातली सुईण गंगामावशी आली. सासूबाई चुलीपाशी पाणी तापवत होत्या. बाहेर उन्हाचा कडाका होता, दार लोटलेलं. दोनच्या सुमारास मुलगी झाली. पण ती रडेना. मान टाकून पडलेली, ओठ निळे. मावशीनं तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. काही नाही.

"पोरी, तू इकडं बघू नको," ती मला म्हणाली. त्यावरून मी काय ते समजले.

तेवढ्यात दाराबाहेरून आवाज आला — "हं, मोठ्यानं. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

कविता म्हणताना अडखळणाऱ्या पोरांना हे असंच म्हणायचे. रागावून नाही, हसत. आणि आवाज घोगरा नव्हता — आजाराच्या आधीचा, स्वच्छ.

मुलगी रडली. आधी बारीक, मग घर भरून.

गंगामावशीनं घाईनं डोक्यावरून पदर ओढला. "मास्तर आले व्हय? त्यान्ला म्हणावं जरा थांबा, आत येऊ नका."

सासूबाई गरम पाणी घेऊन येत होत्या. "कोण मास्तर?" त्यांनी विचारलं. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. दार उघडून पाहिलं. ओसरी रिकामी होती, रस्त्यावरही कुणी नव्हतं.

भावजींचं पत्र सोमवारी आलं. ऑपरेशन मंगळवारी झालं होतं. म्हणजे मुलगी जन्मली त्याच्या दोन दिवस आधी. यांचा आवाज तेव्हा या जगात कुठंच नव्हता...

दोन महिन्यांनी हे घरी आले. गळ्याच्या छिद्रावर पांढरं फडकं बांधलेलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'त्या दिवशी खूप ताप होता. काही आठवत नाही.' मग ते पुसून लिहिलं, 'आवाज कसा होता?'

"पहिल्यासारखा," मी म्हणाले.

त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि मुलीला मांडीवर घेतलं.

दीड वर्ष मिळालं आम्हाला. मुलीचे पहिले बोल त्यांनी ऐकले. मग दुखणं उलटलं आणि ते गेले.

पुढं मी स्वतः शिक्षिका झाले, विज्ञान शिकवलं. थकलेल्या मेंदूला भास होतात हे मला माहीत आहे. माझ्यापुरतं मी ते मान्यही केलं असतं. पण गंगामावशीचं काय? तिला मी वर्षानुवर्षं उलटसुलट विचारलं, फाटे फोडून पाहिले. ती शेवटी चिडली. "म्या काय बहिरी हाय का? मास्तरच बोलले. तुला मानायचं नसंल तर नको मानू."

मुलगी आता साठीची आहे. वडिलांचा आवाज कसा होता हे तिला आठवण्याचा प्रश्नच नाही. गेल्या महिन्यात तिनं मला विचारलं, "आई, मी तो खरंच ऐकला असेल का गं?"

मी तिला म्हणाले, मला माहीत नाही. पण तू रडलीस ती ते बोलल्यावर... त्याआधी नाही.